तोट्यातली कंपनी, लाख कोटींचा भाव आणि रॅपिअरचे पैसे : एक प्रकरण

पार्श्वभूमी

इचलकरंजीतलं एक यंत्रमागधारक कुटुंब. वडिलांना घरात आणि गल्लीत सगळे आण्णा म्हणतात. उभं आयुष्य खर्चीवाले म्हणून गेलं, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घ्यायचं आणि पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी घेऊन कापड विणून द्यायचं. धाकटा मुलगा पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. २०२१च्या सुरुवातीला आण्णांनी जुने साधे माग भंगारात काढले. ते पैसे आणि थोडी शिल्लक मिळून दहा लाख झाले. त्यातून चार रॅपिअर, म्हणजे धोट्याविना चालणारे आधुनिक माग, घ्यायचे होते. बाकीचं कर्ज बँक देणार होती, हे दहा लाख मार्जिन मनी, म्हणजे कर्जाच्या जोडीला स्वतः घालायचा हिस्सा. मुदत मार्च २०२३. तोवर पैसे मुदत ठेवीत राहायचे होते.

ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. कंपनीचे आकडे मात्र जाहीर आहेत, ते तसेच ठेवले आहेत.

जुलै २०२१ मध्ये जेवण घरपोच देणाऱ्या झोमॅटोचा आयपीओ, म्हणजे शेअरांची पहिली जाहीर विक्री, आला. भाव ७२ ते ७६ रुपये, एकूण ९,३७५ कोटींचा इश्यू, त्यातले ९,००० कोटी नव्या शेअरांचे. २०२०-२१ या वर्षात कंपनीची उलाढाल १,९९४ कोटी होती आणि तोटा ८१६ कोटी. त्याच्या आदल्या वर्षी तोटा २,३८६ कोटी होता. शेअर बाजारात येण्यासाठी सेबीची, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, सरसकट अट आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याची आहे. ती भागत नसेल तर दुसरा रस्ता आहे: किमान ७५ टक्के शेअर मोठ्या संस्थांना द्यायचे आणि किरकोळ अर्जदारांना जास्तीत जास्त १० टक्के. झोमॅटो याच रस्त्यानं आली. या नियमामागचा विचार असा की तोट्यातल्या धंद्याचा भाव ठरवणं हे जाणकारांचं काम, सामान्यांनी त्यात थोडंच असावं. प्रत्यक्षात त्या दहा टक्क्यांवर सात पटींहून जास्त अर्ज पडले.

घरातून तीन अर्ज गेले, एक लॉट (अर्जाचा किमान गठ्ठा) लागला, तोही मुलाच्या नावावर: १९५ शेअर, १४,८२० रुपये. २३ जुलैला शेअर ११६ रुपयांवर उघडला आणि त्याच दिवशी कंपनीचं बाजारमूल्य एक लाख कोटींना भिडलं. आण्णांचं म्हणणं होतं, "लागलं ते इकून मोकळं हो." मुलानं विकलं नाही. उलट सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये मार्जिन मनीतले पैसे आपल्या खात्यात वळवून आणखी ३,००० शेअर सरासरी १३७ रुपयांनी घेतले. वडिलांना सांगितलं, पण रक्कम नीट सांगितली नाही.

एकूण ३,१९५ शेअर. गुंतलेले पैसे ४ लाख २६ हजार.

अडचण

नोव्हेंबर २०२१ मध्ये शेअर १६९ पर्यंत गेला. जानेवारीत १०० च्या खाली आला, मे २०२२ मध्ये पन्नाशीला टेकला. जूनमध्ये थोडा सावरतोय तोच, २४ जूनला कंपनीनं ब्लिंकिट ही किराणा पोचवणारी कंपनी ४,४४७ कोटींना घेत असल्याचं जाहीर केलं. रोख न देता साधारण ६३ कोटी नवे शेअर देऊन. ब्लिंकिटही तोट्यात. त्यानंतर महिनाभरानं जुन्या गुंतवणूकदारांची एक वर्षाची विक्रीबंदी संपली, तेव्हा सुमारे ६१३ कोटी शेअर, म्हणजे एकूण शेअरांपैकी ७८ टक्के, विक्रीला मोकळे झाले. २५ जुलैला शेअर एका दिवसात ११ टक्क्यांहून जास्त पडला आणि पुढच्या दोन दिवसांत ४१च्या आसपास आला.

त्याच आठवड्यात बँकेतून मार्जिन मनीबद्दल विचारणा झाली आणि आण्णांना खरी रक्कम कळली. ४ लाख २६ हजारांचे सुमारे १ लाख ३१ हजार झाले होते. ते दोघं सल्ल्यासाठी माझ्याकडे आले तेव्हा घरात आठवडाभर अबोला होता.

मुलाचा युक्तिवाद असा: "आण्णा, कंपनीचा धंदा तर वाढलाय. ऑर्डरी दुप्पट झाल्यात. भाव पडला म्हणजे कंपनी वाईट झाली असं नसतं. उलट आत्ताच अजून पाच हजार शेअर घ्यायला हवेत." वडिलांचा सवाल साधा होता. ज्या कंपनीनं एक रुपया कमावला नाही तिचा भाव ४१ तरी का असावा, आणि १६९ कशापायी होता?

वडिलांचाच सवाल या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून आधी त्याचं उत्तर.

तोट्याला भाव कसा लागतो

आण्णांना माग कळतो. नवा माग बसवला की पहिले काही महिने जुळवाजुळव, कारागीर, हप्ता, आणि मजुरी जेमतेम. त्या महिन्यांचा हिशेब मांडला तर तोटाच दिसतो. तरी कुणी तो माग भंगाराच्या भावानं देत नाही, कारण प्रत्येक मीटरमागे मजुरीतून वीज, कारागीर आणि दुरुस्ती वजा जाऊन चार पैसे उरतात हे माहीत असतं. प्रश्न फक्त पुरेसे मीटर निघतील का, आणि ते निघेपर्यंत हप्ते भरायला पैसे पुरतील का, एवढाच. त्याउलट दर मीटरलाच घाटा असेल तर माग जितका जास्त चालवाल तितकं बुडाल.

बाजारही तोट्यातल्या कंपनीकडे असंच दोन भागांत बघतो. पहिला भाग एका ऑर्डरीचा. झोमॅटोच्या आयपीओच्या दस्तऐवजात तो उघड दिला होता: २०१९-२० मध्ये दर ऑर्डरीमागे साडेतीस रुपये खिशातून जात होते, २०२०-२१ मध्ये साडेवीस रुपये उरायला लागले. हे उरणारे पैसे मुख्यालयाचा, तंत्रज्ञांचा आणि ब्रँडच्या जाहिरातीचा खर्च धरण्याआधीचे, म्हणून एकूण तोटा कायम. सरासरी ऑर्डर चारशे रुपयांच्या आसपास होती. कोविडच्या काळात ऑर्डरींची संख्या कमी झाली पण दर ऑर्डरीची रक्कम वाढली आणि सवलती घटल्या, त्यामुळे हा आकडा पलटला. त्यात टिकाऊ किती आणि टाळेबंदीमुळे किती, हे त्या एका वर्षावरून सांगणं कुणालाच शक्य नव्हतं.

दुसरा भाग पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा. इथे किंमत-नफा गुणोत्तर, म्हणजे भाव नफ्याच्या किती पट हे माप, कामाचं नसतं, कारण नफाच नाही. मग लोक उलाढालीची पट धरतात. ७६ रुपयांना कंपनीचं मोल सुमारे ६० हजार कोटी होतं, म्हणजे वर्षाच्या उलाढालीच्या तीस पट. पहिल्या दिवशी एक लाख कोटींना पन्नास पट. जुलै २०२२ मध्ये ४१ रुपयांना, वाढलेल्या ४,१९२ कोटींच्या उलाढालीवर, साडेसात पट. पण तीस पट महाग की स्वस्त हे त्या आकड्यावरून कळत नाही. पट ही तुलनेची सोय आहे, उत्तर नाही.

त्यामुळे मी त्यांच्यासमोर हिशेब उलटा मांडला. भाव खरा धरायचा आणि विचारायचं, हा भाव बरोबर ठरायला काय काय घडावं लागेल? गृहीतकं ढोबळ: गुंतवणूकदाराला वर्षाला १२ टक्के हवेत, दहा वर्षांनी कंपनी नफ्याच्या ४० पटीला विकली जाईल आणि ग्राहकांनी दिलेल्या एकूण ऑर्डरींच्या रकमेतले ५ टक्के निव्वळ नफा म्हणून उरतील. आयपीओनंतर सुमारे ७८५ कोटी शेअर.

मुलाच्या १३७ रुपयांच्या भावात कंपनी १ लाख ७ हजार कोटींची होते. दहा वर्षांनी ती ३ लाख ३४ हजार कोटींची व्हायला हवी, त्यासाठी वर्षाला सुमारे ८,३०० कोटींचा नफा लागेल, आणि तेवढ्यासाठी १ लाख ६७ हजार कोटींच्या ऑर्डरी. २०२०-२१ मध्ये ऑर्डरी ९,४८३ कोटींच्या होत्या. म्हणजे सलग दहा वर्षं दरवर्षी ३३ टक्के वाढ, मध्ये एकही अडखळण नाही. ७६ रुपयांना हाच आकडा वर्षाला पंचवीस-सव्वीस टक्के येतो. आणि ४१ रुपयांना, २०२१-२२ च्या २१,३०० कोटींच्या ऑर्डरींवरून मोजलं तर, वर्षाला ९ टक्के पुरतात.

कागदावरचे हे तीन आकडे बघून आण्णा पहिल्यांदा जरा सैल झाले. कंपनी तीच होती. भाव मात्र वेगवेगळ्या भविष्यांचे होते.

यात एक गोष्ट आत्ताच बजावली पाहिजे. पाच टक्के आणि चाळीस पट ही माझी गृहीतकं. पाचाचे चार केले की सगळं हलतं. न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक अश्वथ दामोदरन यांनी आयपीओच्याच सुमारास झोमॅटोचं मोल शेअरमागे सुमारे ४१ रुपये काढलं होतं. वर्षभरानं भाव तिथेच आला तेव्हा ते आकडे समाजमाध्यमांवर भविष्यवाणी म्हणून फिरले. त्यांनी मात्र मोल एका आकड्यात न देता शक्यतांच्या पट्ट्यात मांडलं होतं, आणि २०२२ मध्ये स्वतःचा अंदाज आणखी खाली, पस्तीसच्या आसपास आणला होता. बाजार ४१ ला 'शहाणा' झाला असं म्हणणाऱ्यांना पुढे गाठलेला ३०० चा भाव समजावून सांगता येत नाही.

मग भाव इतका पडला का? धंदा बिघडला म्हणून नव्हे. २०२१-२२ मध्ये उलाढाल दुप्पट झाली, तोटा १,२२२ कोटींवर गेला, पण तो धक्का नव्हता. दोन कारणं ठळक. एक, व्याजदर. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, फेडनं, मार्च २०२२ पासून आणि रिझर्व्ह बँकेनं मे २०२२ पासून दर वाढवायला घेतले. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचं आजचं मोल १० टक्के दरानं साडेअडतीस रुपये येतं, १३ टक्के दरानं साडेएकोणतीस. चोवीस टक्के घट, कंपनीत काहीही न बदलता. ज्या कंपनीची सगळी कमाई दूरच्या वर्षांत आहे तिला हा फटका पुरा बसतो. जी आजच कमावते तिला कमी. दुसरं, पुरवठा: आयपीओनंतर फिरते शेअर थोडे होते, वर्षानं एकदम ७८ टक्के मोकळे झाले. ऑगस्टच्या सुरुवातीला उबरनं आपला ७.८ टक्के हिस्सा ५० रुपयांच्या आसपास विकून टाकला. विक्रीबंदी संपायची तारीख वर्षभर आधीपासून सगळ्यांना माहीत होती. तरीही भाव त्याच आठवड्यात पडला, हे मला आजही बाजाराच्या हुशारीबद्दल फार काही चांगलं सांगत नाही.

समोरचे पर्याय

ऑगस्ट २०२२ च्या पहिल्या पंधरवड्यात चार रस्ते होते.

सगळं विकायचं. आण्णांचा कल इकडे. घरातला वाद मिटेल, मार्जिन मनीची जी भर पडेल ती पडेल. पण उलट्या हिशेबानुसार ४१ ते ६० हा भाव अवघड भविष्य मागत नव्हता. कंपनीकडे ११ ते १२ हजार कोटींची रोकड होती. चाळिशीच्या भावात बाजारमूल्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग नुसती रोकडच. तोट्यातल्या कंपनीला मारणारी गोष्ट तोटा नसते, पैसे संपणं असते. ती भीती इथे जवळपास नव्हती.

आणखी घ्यायचे. मुलाचा आग्रह. निव्वळ भावाच्या हिशेबानं तो चुकीचा नव्हता, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं. पण त्यासाठी उरलेल्या मुदत ठेवीला हात लावावा लागणार होता.

काहीच करायचं नाही. लोक बहुतेक वेळा हेच करतात आणि त्याला संयम म्हणतात. इथे ते जमणारच नव्हतं, कारण मार्च २०२३ ठरलेला होता.

चौथा, तुकडे पाडायचे. तारखेला लागणारे पैसे काढायचे, उरलेले शेअर अटी लिहून ठेवायचे.

मुलानं एक हुकमी दाखला दिला होता: अमेरिकेतल्या ॲमेझॉनचा. १९९७ ला बाजारात आली, पूर्ण वर्षाचा पहिला नफा २००३ मध्ये, मधल्या काळात शेअर नव्वद टक्क्यांहून जास्त पडला आणि पुढे काय झालं ते जगाला ठाऊक. दाखला खरा आहे, निवड लबाड आहे. त्याच काळात पडलेल्या कितीतरी कंपन्या परत उठल्याच नाहीत, आणि त्यांची नावं कुणी दाखल्याला घेत नाही. मी त्याला घरचंच उदाहरण दिलं. पेटीएम नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० रुपयांना आली, १८,३०० कोटींचा इश्यू. पहिल्याच दिवशी १,५६४ वर बंद झाली आणि आमची चर्चा चालू होती तेव्हा निम्म्याहून खाली होती. तीही तोट्यातली, तीही मोठ्या बाजाराची गोष्ट सांगणारी. 'तोट्यातल्या नव्या कंपन्या' अशी एक जात धरून निर्णय घेता येत नाही. पुढे जानेवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिच्या सहयोगी पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले आणि मे २०२४ मध्ये तो शेअर ३१० पर्यंत गेला. झोमॅटो त्या वेळी १८०-१९० च्या घरात होती. ऑगस्ट २०२२ मध्ये दोन्हीतली कुठली कुठे जाईल हे खात्रीनं सांगणारा माणूस मला भेटला नाही.

काय केलं

चौथा रस्ता घेतला. निर्णयाचं टोक एकच होतं: या शेअरात दडलेली कमाई दहा वर्षांनंतरची, आणि यातल्या पैशांची गरज सात महिन्यांनंतरची. शेअर कितीही स्वस्त असो, ही दोन टोकं जुळत नव्हती.

ऑगस्टच्या उत्तरार्धात भाव साठीच्या वर आल्यावर १,५०० शेअर सरासरी ६१ रुपयांना विकले. ९१,५०० रुपये हाती आले. सप्टेंबर उजाडण्याआधी, खरेदीला वर्ष व्हायच्या आत, विकल्यामुळे जवळपास सगळा तोटा अल्प मुदतीचा ठरला, सुमारे एक लाखाचा. असा तोटा अल्प आणि दीर्घ दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो आणि आठ वर्षं पुढे नेता येतो, पण विवरणपत्र वेळेत भरलं तरच. खातं मुलाचं असल्यानं तोटाही मुलाचाच. वडिलांच्या पैशांचा तोटा वडिलांच्या विवरणपत्रात दाखवता येणार नाही, हे ऐकून आण्णा जरा चिडले.

उरलेल्या १,६९५ शेअरांसाठी एक पान लिहिलं. त्यावर भावाचा एकही आकडा नव्हता. जेवणाच्या धंद्यात ऑर्डरीमागे उरणारी रक्कम तिमाही दर तिमाही वाढते आहे का? रोकड किती राहिली? शेअरांची एकूण संख्या किती वाढली? ब्लिंकिटवर किती जाळलं जातंय? सलग दोन तिमाह्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, किंवा ब्लिंकिटखेरीज आणखी एखादी मोठी खरेदी झाली, तर विकायचं. भाव वर असो वा खाली.

जानेवारी २०२३ मध्ये भाव पुन्हा पन्नाशीखाली गेला. मुलाचा फोन आला. पानावरची उत्तरं ठीक होती, म्हणून काही केलं नाही.

मार्चमध्ये चारऐवजी तीन रॅपिअर बसले.

काय झालं

२०२२-२३ मध्ये उलाढाल ७,०७९ कोटी, तोटा ९७१ कोटी. एप्रिल ते जून २०२३ च्या तिमाहीत कंपनीनं पहिला नफा दाखवला: दोन कोटी. बातम्यांत मोठा गाजावाजा झाला. नफा-तोटा पत्रक उघडलं तर करापूर्वी पंधरा कोटींचा तोटाच होता, सतरा कोटींच्या करविषयक नोंदीनं तो नफा झाला. बाजाराला त्याची पर्वा नव्हती. शेअर आयपीओच्या भावावर परत आला होता आणि वर निघाला. बाजारानं दोन कोटींना दाद दिली नव्हती. गोष्ट ठरल्या रस्त्यानं जातेय याचा तो पुरावा होता.

२०२३-२४ चा पूर्ण वर्षाचा नफा ३५१ कोटी. त्याच वर्षी 'इतर उत्पन्न', म्हणजे मुख्यतः रोकड गुंतवून मिळालेलं व्याज वगैरे, ८४७ कोटी. भागधारकांनी दिलेले पैसे बाजूला ठेवून त्यावर मिळवलेलं उत्पन्न काढलं तर धंदा स्वतः अजून तोट्यातच. हे मी आण्णांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे माग अजून फिरंनाच म्हणायचा."

डिसेंबर २०२३ मध्ये १२२ च्या आसपास ७९५ शेअर विकले, ९७ हजार आले, आणि त्यातून चौथ्या रॅपिअरची सोय झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये २७० ला ४५० शेअर विकले. डिसेंबर २०२४ मध्ये भाव ३०० च्या वर जाऊन आला, २३ डिसेंबरला कंपनी सेन्सेक्समध्ये घेतली गेली, जेएसडब्ल्यू स्टीलच्या जागी. पोलाद बनवणारी कंपनी बाहेर, जेवण पोचवणारी आत. २०२५ मध्ये नाव बदलून इटर्नल झालं.

हाती शिल्लक ४५० शेअर. जुलै २०२५ च्या ३०० रुपयांनी त्यांचे १ लाख ३५ हजार, आणि तोवर विकलेल्याचे ३ लाख १० हजार. एकूण ४ लाख ४५ हजार, गुंतवलेल्या ४ लाख २६ हजारांवर. आयपीओतला शेअर चौपट झाला आणि या घरानं चार वर्षांत जेमतेम मुद्दल सोडवलं. मुदत ठेवीत जास्त झालं असतं. चौथा माग वर्षभर उशिरा आला, त्याची बुडालेली मजुरी यात धरलेलीच नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मुलगा आजही म्हणतो की ऑगस्टची विक्री महागात पडली. १,५०० शेअर ६१ ला गेले, तेच २७० ला विकले असते तर तीन लाख जास्त आले असते. आकडे बरोबर आहेत. पण ती विक्री शेअरबद्दलच्या मतावरून झाली नव्हती, मार्चच्या तारखेवरून झाली होती. तेच पैसे मोकळे असते, पुढची सात-आठ वर्षं न लागणारे असते, तर मी विकू नको म्हटलं असतं, आणि कदाचित थोडे घ्यायलाही हरकत घेतली नसती.

खरी वळणाची जागा त्याच्या अकरा महिने आधीची, सप्टेंबर २०२१. १९५ शेअर लागले होते, भाव १३० च्या पुढे. त्या वेळी उलटा हिशेब कुणी केला असता तर ३३ टक्के वाढीचा आकडा समोर आला असता. तो अशक्य म्हणता येत नाही. पण सगळं सुरळीत झालं तरच १२ टक्के, आणि काही बिघडलं तर मोठा खड्डा, असा तो सौदा होता. अशा सौद्यात मार्जिन मनी घालायचा का, याचं उत्तर शेअर बाजार न कळणाऱ्या माणसालाही देता येतं. आण्णांना ते विचारलंच गेलं नाही.

दुसरी गोष्ट त्या पानाबद्दल. आम्ही लिहिलेली अट जेवणाच्या धंद्याची होती आणि ब्लिंकिट ही जोखीम म्हणून नोंदवली होती. प्रत्यक्षात उलटं झालं. जेवणाचा धंदा ठीक वाढला, पण ३०० चा भाव त्यातून निघत नाही. २०२३-२४ मध्ये त्याच्या ऑर्डरी ३२ हजार कोटींच्या होत्या, आमच्या पाच टक्क्यांनी १,६०० कोटींचा नफा, चाळीस पटीनं ६४ हजार कोटी. बाजार त्याच्या कितीतरी पट देत होता आणि तो दहा मिनिटांत किराणा पोचवण्यासाठी देत होता. म्हणजे शेअर ज्या कारणासाठी धरले ते खरं ठरलं, आणि पैसे मिळाले वेगळ्याच कारणानं. २०२१ च्या भावाच्या आमच्या हिशेबात ब्लिंकिट नव्हती. तोट्यातल्या कंपनीच्या भावात हा एक भाग असतोच: आज न दिसणारा धंदा उद्या उभा करण्याची ताकद. तो मोजायची पद्धत मला ठाऊक नाही. तो शून्य धरणं चूक, आणि कुठल्याही भावाचं समर्थन त्यानं करणंही तितकंच चूक.

शेअरांच्या संख्येचा रकाना ठेवला ते बरं झालं. ७८५ कोटींचे पुढे ब्लिंकिटसाठी, कर्मचाऱ्यांना द्यायच्या शेअरांसाठी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संस्थांना २५२ रुपयांच्या वर विकून ८,५०० कोटी उभे केले त्यासाठी वाढत ९६५ कोटींच्या घरात गेले. कंपनी तेवीस टक्के मोठी झाली तरी शेअर जागच्या जागी, असा त्याचा अर्थ. किरकोळ गुंतवणूकदार भाव बघतो, भागाकारातला खालचा आकडा बघत नाही.

नियमांतही फरक पडला आहे. नोव्हेंबर २०२२ पासून सेबीनं आयपीओच्या दस्तऐवजात कंपनी आपला धंदा ज्या मापांनी मोजते ती मापं, आणि आधीच्या व्यवहारांतल्या भावांशी आयपीओच्या भावाची तुलना, देणं बंधनकारक केलं. २०२१ च्या अर्जदाराला एवढं सोपं नव्हतं, तरी ऑर्डरीमागचे साडेवीस रुपये तेव्हाही दस्तऐवजात होते.

उरलेल्या ४५० शेअरांचं पान आता नव्यानं लिहिलंय. जुलै २०२५ मध्ये तिमाही नफा २५३ कोटींवरून २५ कोटींवर आला, नव्वद टक्के घट, आणि शेअर दोन दिवसांत विक्रमी भावाला गेला, कारण ब्लिंकिटच्या ऑर्डरींची रक्कम पहिल्यांदाच जेवणाच्या ऑर्डरींपेक्षा जास्त झाली होती. आण्णांनी पेपर वाचून फोन केला, "नफा पडला, भाव चढला, बरोबर वाचलं नव्हं मी?" नव्या पानावर पहिला प्रश्न आता ब्लिंकिटचा आहे: जुन्या झालेल्या गोदामांत दर ऑर्डरीमागे काही उरतंय का, आणि नवी गोदामं उघडायचा वेग कमी झाल्यावर तोटा खरंच आटतो का. सलग दोन तिमाह्यांत उत्तर 'नाही' आलं तर विकायचं. या वेळी पानाखाली सही दोघांची आहे.